हिरव्या बांगड्यांची खबर

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, मालगाडीतून गायब झालेले कापसाचे गठ्ठे शोधत घाट पालथा घातला. त्यातलं बरंचसं आता विसरलो. आरोपींचे चेहरे तर एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण लोणावळ्याच्या एका बंगल्यात जे पाहिलं ते अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. त्या प्रकरणात ना कोणाला शिक्षा झाली, ना मला बढती मिळाली. खात्याच्या भाषेत ते 'निकाली' निघालेलं साधं प्रकरण होतं. नावं सांगणार नाही. ज्यांची ती होती त्यांनी पुष्कळ सोसलं. आता त्यांना चव्हाट्यावर आणण्याचं काही कारण नाही.

ते दिवस बेचाळीसच्या चळवळीनंतरचे. मी लोणावळ्याच्या ठाण्यात फौजदार होतो. गाव तेव्हा लहान होतं. रेल्वेची वसाहत, बाजारपेठ, हवापालटाला येणाऱ्या श्रीमंतांचे बंगले आणि भोवती मावळातली भातखाचरं. ठाण्याचं काम ठरलेलं. सकाळी हजेरी, मग गस्तीचा अहवाल, मग स्टेशनवर उतरलेल्या नव्या पाहुण्यांची विचारपूस. पावसाळ्यात ठाण्याची कौलं गळायची, तेव्हा आधी दप्तर कोरड्या जागी हलवायचं की कोठडीतला चोर, असा प्रश्न पडे. त्यात लढाई चालू आणि देहूरोडला लष्कराचा डेपो. रुळाजवळ कोणी शेळी बांधली तरी वरून विचारणा होई.

भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक बंगला एका पुढाऱ्याच्या कुटुंबानं भाड्यानं घेतला होता. पुढारी म्हणजे गल्लीतला नव्हे. देशभर नाव असलेला, चालती वकिली सोडून चळवळीत पडलेला माणूस. त्यांच्या सभेला लोक झाडांवर चढून बसत. आमच्या घरीसुद्धा आईनं देवघराशेजारी त्यांची तसबीर लावली होती. मी गणवेशात घरी आलो की ती तसबिरीचं तोंड भिंतीकडे फिरवी. "तुला असा बघून त्यांना वाईट वाटायला नको," म्हणे. मी तर सरकारचं मीठ खात होतो!

त्या मोठेपणाची किंमत मात्र घरानं मोजली होती. पहिला मुलगा साथीच्या तापात गेला तेव्हा पुढारी तुरुंगात. मुलगी बाळंतपणात गेली तेव्हाही तुरुंगातच. उरला धाकटा मुलगा. तो चळवळीत भूमिगत झाला. तारा तोडल्याचे, रूळ उखडल्याचे आरोप त्याच्यावर होते. दुसऱ्या एका जिल्ह्यात पोलिसांनी पाठलाग केला तेव्हा त्यानं नदीच्या पुरात उडी घेतली. पुढे पाणी ओसरल्यावर खाली दूरवर एक प्रेत सापडलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. त्याच्या चुलत्यांनी कपड्यांवरून ओळख पटवली, पंचनामा झाला, अग्नीही दिला गेला. पण आमच्या वरच्या साहेबांचं समाधान झालं नाही. कपडे काय, कोणाचे कोणीही घालतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कागदोपत्री तो मुलगा फरारीच राहिला.

लोणावळ्याच्या बंगल्यात पुढाऱ्यांची पत्नी, त्या मुलाची बायको आणि एक स्वयंपाकीणबाई एवढीच माणसं होती. पत्नीला सगळे आईसाहेब म्हणत. त्यांचं काळीज फार कमजोर झालेलं. डॉक्टरांनी हवापालट आणि पूर्ण विश्रांती सांगितली होती. पुढारी अर्थातच तुरुंगात.

खबर आणली औंढ्याच्या एका दूधवाल्यानं. त्याची म्हैस कुणाच्या तरी भातात शिरली म्हणून कोंडवाड्यात अडकली होती. तो ठाण्याच्या पायरीवर बसला तो उठेचना.

"सायब, म्हस सोडवून द्या, येक खबर देतो."

"आधी खबर."

"त्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर मी रतीब घालतो. तितली सून हाय न्हवं, तिचा नवरा पुरात ग्येला म्हनत्यात."

"मग?"

"मंग ती कुकू कशी लावती? गळ्यात मंगळसूत्र हाय. आन् परवा मणेर येऊन हातभर हिरव्या बांगड्या भरून ग्येला. नवरा मेल्याली बाई कुटं बांगड्या भरती व्हय? त्यो जित्ता हाय सायब! लय शिकल्याली मानसं, पन कुकू लपवाया इसारली."

मी खुर्चीत सावरून बसलो. गोऱ्या साहेबाला हा पुरावा समजावून सांगताना मला घाम फुटला असता, पण आपल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. सुवासिनी कुंकू पुसत नाही आणि विधवा ते लावत नाही, हे त्या काळी बोटांच्या ठशापेक्षा पक्कं होतं. म्हैस सुटली. मी पुण्याला कळवलं. तिथल्या आमच्या वरिष्ठांनाही ते तत्काळ पटलं, तेही आपलेच. हुकूम आला की बंगल्यावर पाळत ठेवा, आणखी पुरावा मिळताच सुनेला ताब्यात घेऊन पुण्याला आणा, नवऱ्याचा ठावठिकाणा तीच सांगेल.

पाळतीवर मी माझ्या हवालदाराला घातलं. मावळातलाच गडी, इमानी आणि तोंडानं फटकळ. त्याला माळी म्हणून बंगल्याच्या बागेत पाठवायचं ठरलं. डोक्याला मुंडासं बांधलं, हातात खुरपं दिलं, पण मिशी उतरवायला तो काही केल्या तयार होईना. "मिशी काडली तरी चाल पोलिसाचीच ऱ्हानार, सायब. मंग मिशीनं काय घोडं मारलंय?" म्हणाला. ते खरंच होतं.

दोन-तीन दिवसांतच तो परत आला. चेहरा गंभीर.

"खबर पक्की, सायब. खिडकीखाली गवत काडत व्हतो. सूनबाई सासूच्या उशाशी बसून सांगत व्हती, निरोप आलाय, त्ये बरं हाईत, जेवनखान ठीक हाय, तुमची काळजी करत्यात. रोज सांगती. रोजचा निरोप येगळा."

आता शंकेला जागाच उरली नाही. तरी पकडायला जाण्याआधी आजूबाजूचे धागे तपासावेत ही माझी सवय. बाजारपेठेतल्या मणेराला ठाण्यात बोलावलं. म्हातारा मुसलमान गृहस्थ. लोणावळ्यातल्या निम्म्या लेकीसुनांचे हात त्याच्या हातातून गेलेले. ठाण्याची पायरी चढावी लागली म्हणून तो दुखावला होता.

"चाचा, त्या बंगल्यात बांगड्या भरायला तुम्हाला कोणी बोलावलं? सुनेनं?"

"नाही साहेब. थोरल्या बाईंनी. म्हणाल्या, माझ्यासमोर बसून भरा, आणि हिरव्याच भरा."

"सून काय म्हणाली?"

"काहीच नाही. भिंतीकडं बघत होती. बांगड्या भरून झाल्या की बायका आम्हाला नमस्कार करतात, रीत आहे. मी आशीर्वादाला हात उचलला, तर ती तशीच उठून आत गेली. कोवळी पोर आहे साहेब. नवऱ्याची आठवण आली असेल."

मला वाटलं, घाबरली असेल. चोरी उघडी पडण्याची भीती माणसाला असंच उठवून आत नेते, हे मी अनेकदा पाहिलं होतं.

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही हा माझा नियम होता. आईसाहेब दुपारी औषध घेऊन झोपतात हे कळलं होतं. त्या वेळी मी साध्या कपड्यांत, हवालदाराला घेऊन बंगल्याच्या मागच्या पडवीत गेलो. सून तांदूळ निवडत होती. विशी नुकतीच ओलांडलेली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. मी कोण ते सांगितलं. ती उठून उभी राहिली, पण घाबरली नाही.

"बाई, तुमचे यजमान कुठे आहेत?"

"तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच लोकांनी त्यांचे कपडे आमच्या काकांना दाखवले."

"मग रोज निरोप कोणाचा येतो?"

मी आवाज चढवला. "कपाळी कुंकू, हातात चुडा, रोज निरोप. याचा अर्थ मला कळतो आणि पुण्याच्या साहेबांनाही कळतो. पत्ता सांगा. नाहीतर आजच्या गाडीनं तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल."

"हळू बोला हो," ती म्हणाली. "आई जाग्या होतील."

तिनं आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग पदराचं टोक पाण्याच्या घागरीत बुडवलं आणि माझ्यासमोर कपाळ पुसलं. एकदा, दोनदा. कपाळ पार मोकळं झालं. मी फासावरची माणसं पाहिली आहेत, पण त्या वेळी माझी मान आपोआप खाली गेली. हवालदारानं तर तोंडच फिरवलं.

"हे मी रोज झोपताना पुसते," ती म्हणाली. "सकाळी आईंच्या खोलीत जाण्याआधी परत लावते. त्यांना काही माहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, हा धक्का बसला तर त्या उठणार नाहीत. दोन मुलं आधीच गेली. आता तिसराही गेला, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? बांगड्या नको म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं. आणि आता तर बांगड्या वाजल्या नाहीत की त्या आतून हाक मारतात."

"आणि निरोप?"

"अंथरुणात पडल्या पडल्या जुळवते. जेवण काय केलं असेल, कुठे राहिले असतील. ते असते तर जे बोलले असते तेच सांगते."

तिनं तांदळाचं सूप बाजूला सारलं. "न्यायचं असेल तर न्या. आईंना सांगा, मी माहेरी गेले. फक्त मी नसले तर त्यांना रोजचा निरोप कोण सांगणार, एवढं बघा."

खोटं बोलणारा माणूस स्वतःची सुटका मागतो, हा माझा अनुभव. या मुलीनं स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. तिचं बोलणं खरं होतं, आणि ते खरं आहे हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. आम्ही सगळे तिच्या कपाळावरच्या कुंकवात फरारी आरोपी शोधत बसलो होतो.

पण वाईट वाटणं हा काही पुरावा नव्हे. मी डॉक्टरांना भेटलो. त्यांनी दुजोरा दिला. चुलत्यांच्या जबाबाची नक्कल मागवली, तीही जुळली. राहिल्या आईसाहेब. त्यांच्याशी बोलल्याशिवाय वरिष्ठ ऐकणार नव्हते. मी सुनेला शब्द दिला की एक अक्षरही कळू देणार नाही. बंगल्याच्या मालकाचा माणूस, गळकं छप्पर बघायला आलाय, असं सांगून जायचं ठरलं.

सकाळी गेलो. सून चहा करायला आत वळली. आईसाहेब उशांना टेकून बसल्या होत्या. अंगावर खादीचं पातळ, चेहरा कागदासारखा पांढरा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मालकाच्या माणसाच्या पायात पोलिसी बूट कसे?" त्या म्हणाल्या. "बसा. आमच्या घराला पोलीस नवे नाहीत. लग्न झाल्यापासून पाहुण्यांपेक्षा तेच जास्त आले."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणला. "तिला त्रास देऊ नका. तुम्ही ज्याला शोधताय तो माझा मुलगा गेला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? तेव्हा आम्ही पुण्यात होतो. दीर बाहेरून आले ते घरात न येता तसेच विहिरीवर गेले आणि कपड्यांसकट अंघोळ केली. मग ऐन दुपारी सूनबाईनं डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज आला. मग स्वयंपाकीणबाईचा. अवेळी घरातली सगळी माणसं एकामागून एक न्हायला लागतात ती कशासाठी? दोन वेळा मीही तशीच न्हाले आहे. या वेळी मला तेवढंही करता आलं नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की तिचं कुंकू गेलं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "माझ्या थोरल्या नणंदबाई लहानपणीच विधवा झाल्या, तेव्हापासून आलवणात आहेत. त्यांनी दुसरं जग पाहिलेलं नाही. मला कळू नये म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलंय. मला कळत नाही तोवर पोरीच्या कपाळाला कोणी हात लावणार नाही. म्हणून तर मणेराला मीच बोलावलं. हे बाहेर बायकांच्या उद्धाराची भाषणं करतात. करू देत, चांगलीच करतात. पण घरात ते असतात कधी?"

"तिला वाटतं, ती तुम्हाला जगवते आहे."

"वाटू द्या. तिलाही सकाळी उठायला काहीतरी कारण हवं."

त्यांनी अंगावरची शाल सारखी केली. "निरोप सांगताना मध्येच तिचा आवाज कापतो. तेव्हा तिला ओढून पोटाशी घ्यावंसं वाटतं. घेता येत नाही. घेतलं तर दोघींचंही उघडं पडेल. तुम्ही तिला सांगू नका. मी आहे तोवर तरी नको."

आतून बांगड्या वाजल्या. आईसाहेब उशीवर मागे रेलल्या आणि सून चहा घेऊन आली तेव्हा पार दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "आज काही निरोप ग?"

"आला ना आई. बरे आहेत. थंडी सोसत नाही म्हणाले, म्हणून कोणीतरी घोंगडी दिली."

"दिली ना? बरं झालं."

मी हातात कप घेऊन त्या दोघींच्या मध्ये उभा होतो. चहा कसा होता ते मला आठवत नाही.

मी अहवाल पाठवला. फरारी मयत असल्याची खात्री झाली, पाळत उठवावी. कुंकवाचं कारण डॉक्टरांच्या दाखल्यासह लिहिलं, आईसाहेबांचं बोलणं मात्र लिहिलं नाही. दोघींना एकमेकींचं सांगून टाकावं असं त्यानंतर अनेकदा मनात आलं. हवालदाराजवळ बोललो, तर तो म्हणाला, "सायब, येक भित हाय, तिला दोगी दोनी बाजूंनी टेकून उब्या हाईत. आपुन भित काडाया जाऊ नगा." मला ते पटलं. मी गप्प राहिलो.

थंडीच्या अखेरीस आईसाहेब गेल्या. अंत्यविधीपुरतं सरकारनं पुढाऱ्यांना पहाऱ्यात लोणावळ्याला आणलं. स्टेशनवर ताबा घ्यायला मीच होतो. तसबिरीत धिप्पाड दिसणारा माणूस प्रत्यक्षात ठेंगणा निघाला. पाठीला पोक आलेलं, हातात कापडी पिशवी. स्टेशनाबाहेर लोक जमले होते, घोषणा सुरू झाल्या. त्यांनी हात जोडून त्यांना थांबवलं. वाटेत मला एवढंच विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का तिला?"

इंद्रायणीकाठी अग्नी दिला. बंगल्यावर परतलो तेव्हा पुण्याहून आलेल्या त्यांची थोरली बहीण, म्हणजे आईसाहेबांच्या नणंदबाई, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. आता लपवायचं कोणापासून? जे राहिलं होतं, कुंकू पुसणं आणि चुडा फोडणं, ते उरकायचं होतं. सून पाटावर बसली होती, मान खाली घालून. तिची काही तक्रार दिसत नव्हती. कोणाला तरी ती सांगत होती, "आईंना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. एवढं एक माझ्या हातून झालं."

पोलिसानं घरच्या माणसांत बोलू नये. मी बोललो.

"साहेब, आईसाहेबांचा एक निरोप माझ्यापाशी आहे," मी पुढाऱ्यांना म्हणालो. आणि सगळ्यांसमोर सांगितलं. दिरांची अंघोळ, मणेराला बोलावणं, आणि ते कशासाठी, ते सगळं.

ऐकून ते बहिणीकडे वळले. हजारोंच्या सभेत खणखणणारा त्यांचा आवाज शेजारी उभ्या असलेल्या मलाही जेमतेम ऐकू आला. "आक्का, तो तांब्या खाली ठेव."

"अरे, रीत आहे."

"असू दे. ठेव."

आक्कांनी तांब्या ठेवला. सुनेचं तिकडे लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती.

"त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हो."

"म्हणजे मी निरोप सांगायचे, तेव्हा त्या..." ती एकदम म्हणाली, "एका घरात राहून आम्ही दोघी एकट्या एकट्याच रडलो हो! एकदा तरी त्यांच्या कुशीत रडले असते. त्यांनाही रडू दिलं असतं."

आणि ती जी हुंदके देऊन रडायला लागली, ते माझ्यानं पाहवेना. पुढारी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेही रडू लागले. तीन मुलांचं आणि बायकोचं रडणं त्यांनी त्या दिवशी एकदमच रडून घेतलं असावं. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. हवालदारानं खूण केली. मी त्याला अंगणात जाऊन थांबायला सांगितलं. ती गाडी आम्ही चुकवली आणि त्याचा जाब मला पुढे द्यावा लागला. दिला.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर पुराव्याबद्दल सांगता येईल. कुंकू खरं होतं, बांगड्या खऱ्या होत्या, निरोपही आमच्या माणसानं कानांनी ऐकले होते. सगळा पुरावा खरा, आणि त्यावरून काढलेला अर्थ साफ खोटा. पण हे कुठलाही जुना पोलीस सांगेल. आईसाहेब जिवंत असताना मी बोललो असतो तर भलं झालं असतं की वाटोळं, ते मला आजही ठरवता येत नाही. दोघींचीही माया खरी होती आणि त्या मायेनंच त्यांना एकमेकींपासून तोडलं होतं.

पुढच्या नोकरीत कितीतरी घरी मृत्यूची बातमी घेऊन जावं लागलं. कोणी घाटात गाडीखाली सापडलेला, कोणी बुडालेला, कोणी लढाईत गेलेला. दारात जो भेटेल त्याला सांगून मागे फिरणं सोपं असतं, बहुतेक जण तेच करतात. मी तसं केलं नाही. आत म्हातारी आजारी आहे, तिला नका कळू देऊ, असं घरच्यांनी हात जोडून सांगितलं तरी मी म्हणत असे, तिलाही आणून बसवा, मी थांबतो. त्याबद्दल काहींनी मला तोंडावर कसाई म्हटलं. ते मी ऐकून घेतलं. घरातली सगळी माणसं एका खोलीत बसली की मगच मी टोपी काढून बातमी सांगे, आणि ती एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागली की तिथून उठे.